पोत्याची गाठ

काल्दिना, डोंगरावरून
फेब्रुवारीचा विसावा दिवस

चि. त्रेबियास दादाचे अनेक आशीर्वाद.
तू बरी असलीस तर उत्तम, मीही बरा आहे.

वेलियुस गेल्याचे तुझे पत्र खेचरवाल्या हिलारुसने पाच दिवसांपूर्वी दुपारी हाती दिले. मी जैतुनाची छाटणी करत होतो. शिडीवरून उतरलो, वाचले आणि पुन्हा शिडीवर चढलो. फांदी अर्धी कापून ठेवली तर झाडाला इजा होते, हे तू जाणतेस.

आज त्याचा नववा दिवस. तुझ्या घरी पाने वाढली असतील. खिंडीत बर्फ आहे म्हणून मला येता आले नाही. येण्याऐवजी लिहितो. ओसरीवरच्या क्लेओन गुरुजींनी वेलियुसला आणि मला एकाच बाकावर बसवून जे शिकवले, तेच तुला सांगतो. माणूस आपल्याकडे पाहुणा म्हणून येतो. निघालेल्या पाहुण्याचे वस्त्र धरून ओढू नये. डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्यावे, पण लोकांना दिसावे म्हणून आणू नये. जो मित्र एकदा लाभला तो लाभलेलाच राहतो. मरण पुढचे दिवस घेऊन जाते, मागच्यांना हात लावू शकत नाही. तू हे रोज सकाळी मनाशी म्हणत जा.

तुझ्या लेकीला, चिमणीला, फार रडू देऊ नकोस. अकराव्या वर्षापासूनच मनाला वळण लागते. तिच्यासाठी वाळवलेली अंजिरे पाठवली आहेत. वरचा थर तिचा, खालचा जरा किडका आहे, तो तुझा. वरची तू खाल्लीस तर मला कळेल. लहानपणीही कळायचेच.

वेलियुसचे मृत्युपत्र माझ्या देव्हाऱ्यात, घरदेवांच्या पायाशी आहे. त्याची काळजी करू नये.

माया आहे ती आहे तशी राहू दे.

तुझा दादा
न्युमेरियुस

*

पुतेओली
फेब्रुवारीचा सव्विसावा दिवस

ती. दादास त्रेबियाचा नमस्कार.
तू बरा तर मी बरी, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. मी बरी नाही.

पत्र पोचलं. सुंदर आहे. गुरुजी असते तर त्यांनी तुला शाबासकी देऊन पुढच्या बाकावर बसवलं असतं. चिमणीने ते वाचलं आणि मला विचारलं, मामाला बाबा आवडत नव्हते का. मी तिला म्हटलं, अगं, इतके आवडायचे की त्याला धड लिहितासुद्धा येत नाहीये. पण माझंच मला पटलं नाही. आणि बर्फाचं म्हणशील, तर हिलारुसची खेचरं त्याच खिंडीतून आली. तो म्हणाला, बाई, बर्फ घोट्याएवढा होता. मी विषय बदलला. तुझी लाज राखली म्हण.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. वेलियुस दोरखंडाच्या वखारीतून आला तोच थरथरत. सहा दिवस ताप होता. तिसऱ्या दिवसापासून एकच विचारायचा, डोंगरावरून खेचरं आली का, दादाचं काही पत्र आहे का. नाही म्हटलं की म्हणायचा, येईल, छाटणीचे दिवस आहेत. शेवटच्या दिवशी पहाटेही तेच विचारलं. मग मी त्याचा शेवटचा श्वास माझ्या तोंडाशी घेतला, रीतीप्रमाणे तीनदा नावाने हाक मारली. चौथ्यांदाही मारली. रीत तीनचीच आहे हे मला माहीत आहे.

आता कामाचं. थोरले दीर, डेकिमुस, नवव्या दिवसाला जेवायला आले ते अजून गेलेले नाहीत. त्यांच्या चपला दारात आणि त्यांचा आवाज सगळ्या घरात. म्हणतात, बापाविना मुलगी म्हणजे कुंपणाबाहेरचं अंजिराचं झाड, येणारा जाणारा हात घालणार. म्हणतात, मृत्युपत्र सापडलं नाही किंवा रद्द ठरलं, तर पालकपणाचा हक्क सख्ख्या काकाचा. तो मिळाला की बारा पुरी होताच ते तिला ताग पुरवणाऱ्याच्या मुलाला देणार आहेत. मुलगा म्हणजे मुलगा नव्हे, तिशी उलटलेली आहे आणि दोन बायका सोडून झाल्या आहेत. चिमणी दोर वळायच्या लांब पडवीत तागाच्या ढिगामागे लपून बसते. काकाने हाक मारली की श्वास रोखून धरते.

वेलियुसने पालक म्हणून तुझं नाव घातलं आहे, एवढं त्याने मला सांगितलं होतं. न्यायाधीशांनी मार्चच्या सोळाव्या दिवशी साती साक्षीदारांना चौकात बोलावलं आहे. सहा इथलेच आहेत, सातवा तू. प्रत्येकाने आपली मोहोर ओळखायची आणि मग धागा कापायचा. मृत्युपत्राच्या मेणपाट्या घेऊन ये. जशा आहेत तशाच आण.

रागावले आहे, तरी तुझीच.
त्रेबिया

*

काल्दिना
मार्चचा दुसरा दिवस

चि. त्रेबियास आशीर्वाद.
तू बरी नाहीस. मीही नाही.

बर्फ घोट्याएवढाच होता. हिलारुस खोटं बोलत नाही. मी आलो नाही, कारण आलो असतो तर पाट्या घेऊन यावं लागलं असतं. हे पत्र एकटी असताना वाच.

चार वर्षांपूर्वी वेलियुसने मृत्युपत्र केलं ते तुला आठवत असेल. मेणाच्या दोन पाट्या तोंडाला तोंड लावून त्याने स्वतःच्या हाताने धागा गुंडाळला, गाठ मारली, आणि धाग्यावर ओळीने सात जणांच्या मोहोरा उठल्या. शेवटची, गाठीवरची, माझी. मग म्हणाला, समुद्राकाठच्या घरात मेण टिकत नाही, पाट्या डोंगरावर राहू देत. मी त्या आणल्या आणि देव्हाऱ्यात ठेवल्या.

गेल्या उन्हाळ्यात एक लोकरवाला माझ्याकडे मुक्कामाला होता. बोलता बोलता म्हणाला, तुमच्या मेव्हण्याची आर्तेमोन नावाच्या गलबतवाल्याशी गट्टी जमली आहे, रोज जेवण एकत्र, आणि वेलियुस चारचौघांत त्याला आपला सगळ्यात जवळचा माणूस म्हणतो. मी हसलो. लोकरवाल्याला आणखी चीज वाढलं. पण तो गेल्यावर तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पस्तीस वर्षांचा मित्र, बहीण दिलेला मित्र, आणि मी मनात हिशोब मांडत बसलो, पहिला कोण, दुसरा कोण.

गुरुजी म्हणायचे, एखाद्याला मित्र म्हणण्याआधी हवे तेवढे दिवस त्याला पारखा. पण एकदा दार उघडून आत घेतलंत की उंबऱ्यावर पहारा ठेवू नका. जो घरात घेतलेल्यावर पहारा ठेवतो, त्याने कुणाला घरात घेतलेलंच नसतं. बाकावर बसून हे मीच सगळ्यांत मोठ्याने म्हणायचो. वेलियुसला पाठ व्हायचं नाही, म्हणून गुरुजींची छडी तो खायचा.

चौथ्या दिवशी दुपारी सगळी माणसं खळ्यावर होती. मी देव्हाऱ्यापुढे गेलो. आधी घरदेवांची तोंडं भिंतीकडे केली. मग सुरी तापवून माझ्या मोहोरेचं मेण सोडवलं, गाठ सोडली, धागा सैल केला आणि पाट्यांची फट उन्हात धरली. बाकीच्या सहा मोहोरांना धक्का लागला नाही. वाचायला आलं ते एवढंच: माझ्या मुलीचा पालक न्युमेरियुस त्रेबियुस. त्याला विचारलेलं नाही. विचारायची गरज नाही.

त्रेबिया, पुढचं लिहायला हात धजत नाही. मला आनंद झाला. मी गाणं म्हटलं. खळ्यावर जाऊन माणसांना जास्तीचा द्राक्षारस दिला आणि चार माणसांचं जेवलो. ज्या घटकेला मी त्याचा विश्वास मोडला, त्याच घटकेला त्याचा माझ्यावर केवढा विश्वास आहे म्हणून नाचत होतो. मूर्ती पुन्हा सरळ करायला गेलो तेव्हा कुठे कळलं. त्या दिवसापासून धूप घालताना मी खाली बघतो.

गाठ मला येत होती ती मारली. तीच, जैतुनाच्या पोत्यांची. वर माझी मोहोर दाबली. गाठीचं शेपूट मेणाच्या बाहेर येतं. कोण बघणार आहे, असं मी मनाला सांगतो.

ऑक्टोबरात तो जैतून वेचायला आला होता. आठ दिवस आम्ही एका वाडग्यात जेवलो. रोज सकाळी तोच देव्हाऱ्यात फळ ठेवायचा. मी बोललो नाही. निघताना उतारावर तो थांबला आणि म्हणाला, न्युमेरियुस, मला काही सांगायचं आहे का तुला. मी म्हणालो, खालचे दगड निसरडे आहेत, जपून जा.

आता न्यायाधीश विचारतील, ही मोहोर तुझी का. होय म्हटलं तर ते खरंच असेल. वेलियुस गेल्याचं कळल्यापासून मी तो एक होकार तोंडात घोळवतो आहे. माझ्या आयुष्यात इतका खोटा खरा शब्द मी उच्चारलेला नसेल. आणि खरं सांगितलं तर मृत्युपत्र मोडेल आणि चिमणी डेकिमुसच्या हाती जाईल, ही भीती आहे. मी काय करू ते तू सांग.

दादा

*

पुतेओली
मार्चचा पाचवा दिवस

दादा,

वाचलं. पाट्या आण. तिथे काय बोलायचं ते मला विचारू नकोस. चिमणीचं वय अकरा आहे आणि तुझं एकोणपन्नास.

अंजिरांचा खालचा थर किडका नव्हता. तेवढंसुद्धा तुला सरळ देता येत नाही.

त्रेबिया

*

काल्दिना
मार्चचा बाविसावा दिवस

चि. त्रेबियास आशीर्वाद.
तू बरी असावीस. माझं विचारू नकोस.

त्या दिवशी चौकातून मी तुझ्या दारी आलो होतो. तू मोलकरणीच्या हाती पाय धुवायला पाणी पाठवलंस आणि स्वतः बाहेर आली नाहीस. पाणी दिलंस हेही पुष्कळ. मी पाय धुतले आणि निघालो. चौकात काय झालं ते तुला लोकांनी सांगितलं असेल, मीठमसाला लावून. माझ्याकडूनही ऐक.

सहा जणांनी आपापली मोहोर ओळखली. माझी पाळी आली. न्यायाधीशांनी विचारलं, आणि मी होय म्हणालो. हे आधी सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणी मला चांगलं म्हणेल. मी होय म्हणालो आणि बाकावर जाऊन बसलो. मनात म्हटलं, झालं, चिमणी वाचली, माझं पाप माझ्यापाशी.

मग डेकिमुस पुढे झाला. त्याने पाट्या हातात घेतल्या आणि मोहोरांकडे पाहिलंसुद्धा नाही. मेणाबाहेरच्या शेपटावर बोट ठेवलं आणि हसला. म्हणाला, साहेब, आमच्या घरात चार पिढ्या दोर वळले जातात. आमच्या पोराला चालता येण्याआधी गाठ येते. ही गाठ माझ्या भावाची नाही. ही शेतकऱ्याची गाठ आहे, हिने पोतं बांधतात. मला तुझ्या माहेरचे दिवस आठवले त्रेबिया, वेलियुस आपली पोती सोडून पुन्हा बांधायचा आणि म्हणायचा, तुम्ही लोक गाठ मारता की धाग्याला फाशी देता. मी सगळ्या गावाला फसवू शकलो असतो, दोरवाल्याला नाही. आणि ते घरच दोरवाल्यांचं.

डेकिमुसने त्यावर डाव रचला. म्हणाला, माझ्या भावाचं मन बदललं होतं. त्यानेच हे कुणा गावंढळाकडून उघडवलं, म्हणजे रद्द केलं, आणि नवं करायच्या आत बिचारा गेला. न्यायाधीश मान हलवू लागले. म्हणाले, करणाऱ्याने स्वतः उघडलं असेल तर ते मोडलं. दुसऱ्या कुणी त्याच्या पाठीमागे उघडलं असेल तर मात्र ते शाबूत. पण तसं म्हणणारा कोण आहे.

तेव्हा मला उमजलं की चिमणीला वाचवण्यासाठी गप्प बसतो आहे असं मी जे म्हणत होतो, ते खोटं होतं. गप्प बसलो तरच ती जाणार होती. मी उठलो आणि म्हणालो, तो गावंढळ मी. सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, त्यात तुझा काय फायदा होता. मी म्हणालो, काही नाही, मला फक्त बघायचं होतं की तो मला मित्र मानतो की नाही. चौक हसला. एक मासेवाली म्हणाली, अरे बाबा, त्यालाच विचारायचंस की. तिच्याइतकं शहाणं त्या दिवशी कुणी बोललं नाही.

मृत्युपत्र टिकलं. पण माझा पालकपणा न्यायाधीशांनी थांबवून ठेवला. म्हणाले, ज्याला मित्राची गाठ राखता आली नाही, त्याच्या हाती मित्राची मुलगी द्यायची का, हे मी ठरवणार नाही, तिच्या आईने एप्रिलच्या पहिल्या तारखेच्या आत कळवावं. तिची हरकत असेल तर आम्ही दुसरा कुणी नेमू, सख्ख्या काकाचाही विचार करू.

तू हरकत घे, असं मी म्हणणार होतो. आर्तेमोनचं नाव सुचव, त्यांना ते मान्य होईल. मी त्याला चौकात पाहिलं. साक्षीदारांत नव्हता, तरी दिवसभर उन्हात उभा होता आणि रडत होता, लोकांदेखत, लाज न बाळगता. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

तुझ्या दारातून मी वेलियुसच्या थडग्याशी गेलो. थडग्याच्या नळीतून द्राक्षारस ओतला, बदामाच्या झाडाखालची जांभळी फुलं ठेवली. तुला लिहिलं होतं ना, डोळ्यांत पाणी ओढून आणू नये. ओढावं लागलं नाही. तिथल्या माळ्याने मला उठवून बसवलं आणि विचारलं, भाऊ होता का. मी काय सांगणार. म्हणालो, त्याने मला पारखलं होतं, त्यात त्याची चूक झाली.

तुझा निकाल मला मान्य आहे.

न्युमेरियुस

*

पुतेओली
मार्चचा तिसावा दिवस

ती. दादास त्रेबियाचा नमस्कार.
तू बरा तर मी बरी. या वेळी रीत म्हणून लिहिलेलं नाही.

वेलियुसला ठाऊक होतं.

ऑक्टोबरात तुझ्याकडून आला आणि जेवता जेवता हसायला लागला. म्हणाला, तुझ्या दादाने पाट्या उघडून बघितल्या आणि पोत्यासारख्या बांधून ठेवल्या. पहिल्याच दिवशी सकाळी, फळ ठेवताना दिसलं म्हणे. मी संतापले. म्हटलं, आणि तू आठ दिवस त्याच्या वाडग्यात जेवलास? नवं मृत्युपत्र कर, दुसऱ्याचं नाव घाल. तर म्हणाला, पारखायचं ते आधी असतं, ते माझं पस्तीस वर्षांपूर्वी झालं. आता माझ्याकडे एकच काम, वाट बघायची. तो सांगेल. सांगितल्याशिवाय त्याला बरं वाटणार नाही. आणि मला वचन द्यायला लावलं की मी तुला आपण होऊन काही बोलायचं नाही. गुरुजींचं वाक्य त्याला कधी पाठ झालं नाही, हे खरं. पण पाठ झालं तुला, आणि कळलं त्याला.

आता तुला समजलं ना, तापात तो खेचरांची वाट का बघत होता. स्वतःसाठी नव्हे. जाण्याआधी तुला मोकळं करून जायचं होतं त्याला. हे मी तुला न सांगताही राहू शकले असते. बरेच दिवस राहिले. पण तुझ्यापासून लपवायला गेले तर मी पण पोतंच बांधेन.

माझंही ऐक. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा मी तुला एका ओळीत सांगू शकले असते की त्याला माहीत होतं, जा आणि न घाबरता बोल. वचन होतं ते तू बोलेपर्यंतचं, आणि तू तर बोलला होतास. तरी मी सांगितलं नाही. मला बघायचं होतं, माझा भाऊ उठून उभा राहतो की नाही. वेलियुसने तुझी परीक्षा घेतली नाही, मी घेतली, आणि पणाला लावली ती माझीच पोर. तू होय म्हणून खाली बसलास ती घटका मला चौकातून आलेल्या हिलारुसने सांगितली, तेव्हा मी चिमणीला जवळ ओढून घेतलं. म्हणून मी त्या दिवशी दारात आले नाही. राग नव्हता. तोंड नव्हतं. घरदेवांची तोंडं भिंतीकडे करणारा तू एकटाच नाहीस.

काल न्यायाधीशांकडे जाऊन आले. त्यांना म्हटलं, माझी हरकत नाही. त्यांनी भुवया वर केल्या. मी म्हटलं, साहेब, ज्याची गाठ सोडली गेली त्यानेच तक्रार केली नाही, तर मी कोण करणार. थोरल्या दिरांनी जाताना तागाचे तीन गठ्ठे आणि चांगला दिवा नेला. नेऊ दे. चिमणी ढिगामागून बाहेर आली आहे आणि सगळ्या घराला हुकूम सोडते आहे.

तू मोकळा झालास असं मात्र समजू नकोस. मीही झालेली नाही. जो माफ करू शकला असता तो माफ करूनच गेला, आणि आपण ते त्याच्या तोंडून ऐकलं नाही. ते आता तसंच राहणार. सोबतीला एकमेकांना ठेवू.

चिमणी मेमध्ये तुझ्याकडे राहायला येते आहे. तोवर हिलारुसबरोबर एक पुडकं पाठवते. वेलियुसचा रोजचा अंगरखा आहे, तुझ्या अंगाला जरा घट्ट होईल. पुडक्यावर मोहोर नाही. मी मुद्दाम लावली नाही. धागा तेवढा आहे, आणि गाठ चिमणीने मारली आहे, बापाने शिकवलेली. तिने सांगितलंय, मामाला म्हणावं खुशाल सोड. मग पुन्हा तशीच बांधून बघ. येत नसेल तर ती आल्यावर शिकवेल.

इथे दोन ताटं मांडली आहेत, तिसऱ्याची जागा अजून रिकामी ठेवते. कधी आलास तर तिथे बस.

तुझी
त्रेबिया